याले हे सांगतलं कोनं?

मे महिन्यातली संध्याकाळ होती. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या एका गावी, शाळेच्या व्हरांड्यात, ग्रामसभेच्या लॅपटॉपपुढे आम्ही बसलो होतो. समोरच्या मोकळ्या जागेत तेंदूची फळी, म्हणजे तेंदूपानांचे पुडे मोजून वाळवायची जागा, लागली होती. पहाटे जंगलात गेलेली माणसं ऊन चढायच्या आत भारे घेऊन परतली होती. दुपारभर घराघरांत पानं जुळवून पुडे बांधले गेले होते, आणि आता ते मोजून रांगेनं वाळत घातले जात होते. मोजणाऱ्याचा आवाज सारखा कानावर येत होता. आम्हाला आठवड्याची मजुरी काढायची होती. त्यासाठी मी लिहिलेला ‘फळी’ नावाचाच छोटा प्रोग्राम त्या दिवशी गावातल्या एका नव्या पोराच्या हाती होता. बारावी झालेला, हिशेबाला पक्का. त्यानं कमांड टाइप केली, एंटर दाबलं, मजुरीपत्रक पडद्यावर आलं. प्रत्येक कुटुंबापुढची रक्कम दहापट होती.

चूक दहापट होती म्हणून लगेच दिसली. दहा टक्क्यांची असती तर तशीच छापून गेली असती, आणि हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. पोरानं पत्रक वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “भाऊ, दर तर आपण टाकलाच नाही. मंग याले हे सांगतलं कोनं?”

मला उत्तर देता आलं नाही. प्रोग्राम मी लिहिलेला, आणि त्याला दर कुठून मिळाला हे मलाच सांगता येईना. शोधायला तासाहून जास्त वेळ गेला. तोवर अंधार पडला, मोजणी संपली, लोक घरी गेले. त्या तासाभरात जे सापडलं त्यावर मी पुढे वर्षभर विचार करत राहिलो.

कमांड लाइनवर चालणाऱ्या प्रोग्रामला काही सांगायचं तर ते कमांडीसोबत तिथल्या तिथे लिहिता येतं, किंवा एखाद्या फाइलीत लिहून ठेवता येतं. याशिवाय एक वाट आहे, ती म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. १९७९ साली बेल लॅब्जमधून युनिक्सची सातवी आवृत्ती आली, तिच्यासोबत ही सोय आली. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामपाशी नाव आणि मूल्य अशा जोड्यांचं एक गाठोडं असतं. त्यानं दुसरा प्रोग्राम सुरू केला की गाठोड्याची एक नक्कल त्याच्या हाती दिली जाते. त्यानं तिसरा सुरू केला की पुढे त्याला. बापाचं पोराला मिळतं. पोरानं आपल्या गाठोड्यात काही बदललं तर ते बापापर्यंत पोचत नाही. कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या हे सांगणारं ‘पाथ’, माणसाचं घरचं फोल्डर सांगणारं ‘होम’, भाषा सांगणारं ‘लँग’, ही नावं आजही प्रत्येक युनिक्स आणि लिनक्स यंत्रावर याच पद्धतीनं हातोहात पुढे जातात.

यातली ओढ कुणालाही कळेल. एकदा सांगून ठेवायचं आणि मग रोज रोज सांगायचं नाही. दिवसातून चाळीस वेळा कमांड चालवणाऱ्याला त्याचं मोल असतं. पण सांगून ठेवलेलं डोळ्यांपुढे राहत नाही. कमांडीत लिहिलेली गोष्ट पडद्यावर दिसते, फाइलीतली उघडून वाचता येते. गाठोड्यातली गोष्ट मुद्दाम विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, आणि विचारायचं हे तरी कुणाला सुचावं?

त्या संध्याकाळी झालं ते असं. आदल्या हंगामात हिशेबापैकी माझा प्रोग्राम फक्त व्यापाऱ्याचं बिल काढत असे. व्यापाऱ्याशी दर ठरतो तो प्रमाण गोणीचा, म्हणजे हजार पुड्यांचा. त्यासाठी मी ‘फळी_दर’ असं व्हेरिएबल ठेवलं होतं. तेव्हा लॅपटॉप सांभाळणाऱ्या मुलीनं, रोज टाइप करायला नको म्हणून, ते शेलच्या, म्हणजे कमांड घेणाऱ्या प्रोग्रामच्या, सुरुवातीच्या फाइलीत लिहून ठेवलं. शहाणपणाचंच काम केलं तिनं. पुढे ती शिकायला गेली, ओळ तिथेच राहिली. या वर्षी मी प्रोग्रामात मजुरीपत्रक घातलं. मजुरी शंभर पुड्यांवर ठरते, म्हणून शेकड्याचा दर हवा होता, आणि मी त्यालाही ‘फळी_दर’ हेच नाव दिलं. नाव तेच ठेवून अर्थ बदलला. प्रोग्रामला गोणीचा दर मिळाला, त्यानं तो शेकड्याचा समजून गुणाकार केला. दर मिळाला नाही तर प्रोग्राम थांबून विचारेल असं मी पोराला सांगून ठेवलं होतं. तो थांबला नाही, कारण त्याच्या मते दर मिळालेला होता.

पहिली गोष्ट मी तिथेच शिकलो: एकदा दिलेल्या नावाचा अर्थ बदलायचा नाही. अर्थ बदलायचा असेल तर नवं नाव घ्यावं आणि जुनं नाव दिसलं तर प्रोग्रामनं स्पष्ट बोलून थांबावं. आपल्याला आठवत नाही अशा किती लॅपटॉपांवर, किती फाइलींत ते जुनं नाव लिहिलेलं असेल, हे लिहिणाऱ्याला कधीच कळत नाही.

दुसरी गोष्ट एककाची. ‘दर’ म्हटलं की कशाचा, हे नावातच यायला हवं. ‘फळी_दर_शेकडा’ टाइप करायला लांब आहे, पण ते वाचणाऱ्याला चुकू देत नाही. आपल्याकडे एककांचा प्रश्न किती नाजूक आहे हे कोरचीकडच्या माणसाला विचारावं. महाराष्ट्रात पुडा सत्तर पानांचा. सीमेपलीकडे छत्तीसगडात पन्नासचा. दोन्हीकडे हजार पुड्यांची प्रमाण गोणी, दोन्हीकडे शब्द तोच, आणि पानं एकीकडे सत्तर हजार, दुसरीकडे पन्नास हजार. नुसती ‘गोणी’ ऐकून दोन राज्यांतल्या दरांची तुलना करणारा माणूस फसणारच.

मोठ्या, नावाजलेल्या साधनांतही हा प्रश्न आहे. नकाशांच्या कामात जगभर वापरलं जाणारं ‘जीडाल’ घ्या. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ साली सुरू केलेलं हे साधन नसतं तर आमच्यासारख्यांना जंगलाचे नकाशे करताच आले नसते, इतकं मी त्याचं ऋण मानतो. त्यानं तात्पुरत्या साठवणीसाठी किती मेमरी वापरावी हे ‘जीडाल_कॅशमॅक्स’ या नावानं सांगता येतं. एक लाखाहून लहान आकडा दिला तर ते त्याला मेगाबाइट समजतं, मोठा दिला तर बाइट. माहीत असलेल्या माणसाची यात सोय होते. पण आकडा पाहून अर्थ ओळखणारा प्रोग्राम आणि माझा दर गुणणारा प्रोग्राम यांत मला आता फार अंतर वाटत नाही. मेमरीचा आकडा चुकला तर काम हळू चालेल. मजुरीचा चुकला तर कुणाच्या तरी घरचे पैसे चुकतील.

पण खरी चूक याहूनही आधीची होती. दर मी गाठोड्यात टाकायलाच नको होता.

२०११ साली अ‍ॅडम विगिन्स यांनी ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या नावानं बारा सूत्रं मांडली. तिसरं सूत्र असं की, प्रोग्रामची जागेगणिक बदलणारी सगळी मांडणी एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवावी. आमच्या पिढीच्या प्रोग्रामरांनी ते सूत्र मनापासून घेतलं, मीही घेतलं. पण ते सर्व्हरसाठी आहे. तिथे यंत्र कुणाच्या ताब्यात आहे हे ठाऊक असतं, मांडणी लिहून ठेवलेली असते, ती बदलणारी माणसं ठरलेली असतात. ग्रामसभेचा लॅपटॉप हंगामाहंगामाला हात बदलतो. आज ज्यानं सांगून ठेवलं तो उद्या नागपूरला असतो, आणि त्याचं सांगणं मागे राहून काम करत असतं. अशा ठिकाणी प्रत्येक गोष्टीआधी एक प्रश्न विचारावा लागतो: ही गोष्ट या यंत्राबद्दलची आहे की कामाबद्दलची? इंटरनेट कुठल्या प्रॉक्सीतून जातं, तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या, संदेश कुठल्या भाषेत दाखवायचे, या यंत्राच्या आणि माणसाच्या सवयीच्या गोष्टी. त्या खुशाल गाठोड्यात जाव्यात. दर, हंगाम, गाव, पुड्यातली पानं या नोंदीत जाणाऱ्या गोष्टी. उद्या कुणी वहीवर बोट ठेवून विचारील अशा. त्या कामासोबतच्या फाइलीत लिहिलेल्या असाव्यात, ग्रामसभेच्या ठरावाच्या तारखेसह, आणि त्या फाइलीची प्रत पत्रकासोबत राहावी.

माझ्या प्रोग्रामात तेव्हा तेवीस व्हेरिएबल होती. या एका प्रश्नाच्या चाळणीतून चार उरली. दरानंतर पहिलं गाळलं ते ‘फळी_झोन’, आणि त्याच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं.

हिशेबाशिवाय माझा प्रोग्राम जंगलाचं क्षेत्रही काढतो. क्षेत्र मोजायचं तर गोल पृथ्वी सपाट कागदावर आणावी लागते. त्यासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडले आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व हा त्रेचाळिसावा पट्टा. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर सगळे त्यात. ७८ ते ८४ हा चव्वेचाळिसावा. ७८ अंशांची रेषा अमरावती आणि वर्धा यांच्या मधून खाली उतरते, त्यामुळे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पूर्णपणे चव्वेचाळीसमध्ये पडतात. मी प्रोग्रामचा हा भाग ज्या नमुन्यावरून शिकलो तो पश्चिम महाराष्ट्रातला होता, आणि त्यातला डिफॉल्ट ४३ मी तसाच घेतला होता. ज्याला वेगळा हवा त्यानं व्हेरिएबल लिहून बदलावा, अशी माझी सोय. म्हणजे ज्या दोन जिल्ह्यांसाठी प्रोग्राम लिहिला तिथल्याच प्रत्येक माणसानं आपण वेगळे आहोत हे लिहून कळवायचं.

फरक किती पडतो? मेंढा-लेखाचं उदाहरण घेऊ. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचं नाव येतं, आणि हक्काचं जंगल सुमारे १८०० हेक्टर. एवढं जंगल चुकीच्या पट्ट्यात बसवून मोजलं तर क्षेत्र बारा-तेरा हेक्टरांनी फुगतं. नकाशा पडद्यावर व्यवस्थित दिसतो, कुठे काही चुकल्यासारखं वाटत नाही, आणि दोन-चार शेतं मावतील एवढी जमीन कागदावर उगवते. ज्या लोकांनी हक्काच्या कागदासाठी वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या त्यांच्या नकाशात असं होणं मला सहन होत नाही. रेखांश तर जीपीएसच्या नोंदीत असतोच. पट्टा त्यावरून प्रोग्रामनं स्वतः काढावा, माणसाला विचारूच नये. जे कामातूनच कळतं ते व्हेरिएबलमध्ये मागणं हा आळस आहे.

मेंढ्याचं नाव आलंच आहे तर दोन गोष्टी आणखी. त्या गावाची घोषणा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. प्राधान्यक्रमाचा प्रश्न जेव्हा माझ्यापुढे येतो तेव्हा मला हीच घोषणा आठवते. एकाच गोष्टीबद्दल प्रोग्रामकडे चार ठिकाणांहून चार उत्तरं येऊ शकतात. लिहिणाऱ्यानं ठरवलेलं डिफॉल्ट असतं, फाइलीत लिहिलेलं असतं, गाठोड्यात असतं, आणि आत्ता कमांडीत टाइप केलेलं असतं. ऐकायचं कुणाचं? कामाच्या सगळ्यांत जवळ असलेल्याचं. आत्ता जे टाइप केलं ते सर्वांच्या वर, मग गाठोड्यातलं, मग फाइलीतलं, आणि दूर बसून मी ठरवलेलं सर्वांत शेवटी, दुसरं कुणीच काही बोललं नाही तर. घोषणेत दिल्ली-मुंबईला नाकारलेलं नाही, तिची जागा ठरवलेली आहे. माझ्या डिफॉल्टचीही जागा तेवढीच.

दुसरी गोष्ट नावाची. मेंढा नावाची गावं आमच्याकडे एकाहून जास्त आहेत, म्हणून शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून मेंढा (लेखा) म्हणायचं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांच्या यादीत कुणी माल असतं, कुणी चक, कुणी तुकूम, कुणी रीठ. नुसत्या नावावर तलाठी विसंबत नाही. गाठोडंही सगळ्या प्रोग्रामांचं सामायिक असतं, तिथे कुणाचं कुंपण नाही. ‘डेटा’, ‘डीबग’, ‘मोड’ अशी उघडी नावं घेतली तर ती दुसऱ्या कुणाची निघणारच. म्हणून प्रत्येक नावाआधी आपल्या प्रोग्रामचं नाव जोडायचं. इतकं साधं, आणि तरी किती जण करत नाहीत.

पण ‘फळी’ हे नाव रोमन अक्षरांत लिहायचं कसं? हा प्रश्न मला आधी सुचला नव्हता, कारण लिहिणारा मी एकटाच होतो. व्हेरिएबलांची नावं रोमन अक्षरं, आकडे आणि खालची रेघ यांतच लिहायची रीत आहे. कुणी ‘पी-एच’नं सुरू करतं, कुणी ‘एफ’नं, ‘ळ’साठी तर रोमनमध्ये अक्षरच नाही. वर लहान-मोठ्या अक्षरांचा प्रश्न. आपल्या लिपीत ही भानगड नसल्यामुळे नव्या माणसाला ती दिसतच नाही. लिनक्सवर लहान अक्षरांतलं नाव आणि मोठ्या अक्षरांतलं नाव ही दोन वेगळी नावं, विंडोजवर एकच. ‘कर्ल’ हे प्रसिद्ध साधन ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ हे नाव फक्त लहान अक्षरांतलंच मानतं, आणि त्याला सुरक्षेचं कारण आहे: मोठ्या अक्षरांतलं तेच नाव वेब सर्व्हरवर बाहेरच्या माणसाला विनंतीतून आत सरकवता येत असे. २०१६ मध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ या नावानं ती फट पुन्हा चर्चेत आली. कारण पटतं. पण हे माहीत नसलेला माणूस मोठ्या अक्षरांत लिहून तासभर नेटवर्कला दोष देत बसतो.

आणि इथेच या वाटेचा सर्वांत मोठा दोष आहे. कमांडीत पर्याय चुकीचा लिहिला तर प्रोग्राम लगेच सांगतो की असा पर्याय नाही. व्हेरिएबलचं नाव चुकलं तर कुणीच काही बोलत नाही. चुकलेलं नाव गाठोड्यात पडून राहतं, प्रोग्राम आपल्या डिफॉल्टवर चालतो, आणि माणसाला वाटतं आपण सांगितलं ते त्यानं ऐकलं. म्हणून आता माझा प्रोग्राम सुरू होताना ‘फळी_’नं सुरू होणारी गाठोड्यातली सगळी नावं पाहतो आणि ओळखीचं नसलेलं दिसलं तर विचारतो: हे नाव मला माहीत नाही, तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का? दहा-बारा ओळींचं काम आहे. ते नसलेली साधनं पाहिली की मला वाईट वाटतं.

हो-नाहीचं प्रकरणही याच जातीचं. माझ्याकडे प्रोग्रामच्या आतला तपशील पडद्यावर छापायला सांगणारं ‘फळी_डीबग’ होतं, आणि मूल्य काहीही असलं तरी ‘आहे’ म्हणजे चालू असा माझा नियम होता. पडद्यावरच्या अक्षरांचे रंग बंद करायला २०१७ पासून बऱ्याच साधनांनी मानलेलं ‘नो_कलर’ असंच चालतं: त्यात शून्य लिहिलं तरी रंग बंदच होतात. एटापल्लीकडच्या एका मुलानं डीबग बंद करायला मूल्याच्या जागी देवनागरीत ‘नाही’ लिहिलं. प्रोग्रामनं ते चालू समजून पडदाभर ओळी ओतल्या. त्याचं काय चुकलं? त्यानं आपल्या भाषेत, स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. आता ‘हो’, ‘नाही’, देवनागरी आणि इंग्रजी शून्य-एक, सगळं मी वाचतो, आणि जे कळत नाही तिथे अंदाज न करता थांबतो.

रिकाम्या मूल्याबद्दलही सांभाळायला हवं. गावांची नावं ज्या फाइलींत येतात त्या शेपफाइलींसाठी जीडालमध्ये ‘शेप_एन्कोडिंग’ आहे. ते मुळात नसणं म्हणजे एक, आणि रिकामं लिहिणं म्हणजे अक्षरांना हातच लावू नको, असा वेगळा अर्थ. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर मूल्य रिकामं लिहिलं की ते व्हेरिएबलच नाहीसं होतं. म्हणजे एका यंत्रावर देता येणारी आज्ञा दुसऱ्यावर तशी देताच येत नाही. रिकामेपणाला अर्थ देऊ नये, असं माझं मत झालं आहे.

भाषेचं ‘लँग’ आणि तिच्या वर हुकूम चालवणारं ‘एलसी_ऑल’ यांच्याविषयी तर वेगळा लेख व्हावा. एवढंच सांगतो: रात्री आपोआप चालणाऱ्या कामांना, ती सुरू करणारा ‘क्रॉन’ जवळजवळ रिकामं गाठोडं देतो. दिवसा हातानं चालवलं की मराठी नावं नीट छापणारा माझा प्रोग्राम रात्री त्याच नावांच्या जागी प्रश्नचिन्हं छापत असे, कारण भाषा सांगणारं कुणी तिथे नव्हतंच. सिरोंचाकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगडी, भामरागडला माडिया, चामोर्शी-मुलचेऱ्यात बंगाली अशा जिल्ह्यात अक्षरं जपण्याची जबाबदारी गाठोड्यावर टाकून चालत नाही. नोंदी नेहमी युनिकोडमध्येच लिहायच्या, एवढं प्रोग्रामनं स्वतःच ठरवून टाकावं. पासवर्डही तिथे ठेवू नये. गाठोडं प्रत्येक पोराला जातं, आणि मदत मागताना माणसं सगळा पडदा कॉपी करून पाठवतात.

परक्या सांगण्याचा अनुभव मला एकदाच आला, पण जबर. चंद्रपूरला माझ्या टेबलावर व्यवस्थित चाललेला नकाशा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडेना. संदेश येई की ‘प्रोज’च्या माहितीची आवृत्ती जुनी आहे, ती दुसऱ्या कुठल्या तरी स्थापनेतून आली आहे. प्रोज म्हणजे अक्षांश-रेखांशांचं गणित करणारं साधन. अर्धा दिवस गेला. शेवटी ‘सेट’ ही कमांड देऊन सगळं गाठोडं ओळीओळीनं वाचलं तेव्हा दिसलं की दोन वर्षांपूर्वी भलत्याच कामासाठी बसवलेल्या एका प्रोग्रामनं ‘प्रोज_लिब’ हे नाव साऱ्या यंत्रासाठी लिहून ठेवलं होतं. त्याला त्याच्यापुरतं हवं होतं, मिळालं मात्र सगळ्यांना. तेव्हा ज्या संदेशाचा राग आला होता त्याचा आता आदर वाटतो, कारण निदान तो सांगत होता की ही गोष्ट दुसरीकडून आली आहे.

त्याच साधनानं २०२२ मध्ये, ९.१ या आवृत्तीत, ‘प्रोज_लिब’चं नाव ‘प्रोज_डेटा’ केलं आणि जुनं नावही चालू ठेवलं. नाव बदलायची रीत अशीच असावी. चांद्याचं चंद्रपूर होऊन किती वर्षं झाली, पण तिथलं एक स्टेशन अजून चांदा फोर्टच आहे. तालुका देसाईगंज, पण रेल्वे थांबते ती वडसा स्टेशनात. तिकीट मागणाऱ्याला कुणी परत पाठवत नाही.

त्या मे महिन्यानंतर मी प्रोग्रामात ‘फळी तपास’ ही कमांड घातली. बाकी सगळं सोडून पहिल्यांदा हेच लिहायला हवं होतं. ती हिशेब करत नाही. प्रत्येक गोष्टीपुढे तिचं मूल्य लिहिते, आणि त्यापुढे ते कुठून आलं: कमांडीतून, गाठोड्यातून, अमुक फाइलीच्या अमुक ओळीतून, की डिफॉल्ट. मजुरीपत्रकाच्या तळाशीही हेच छापून येतं. एक मर्यादा मात्र राहते. गाठोड्यातल्या गोष्टीबद्दल प्रोग्रामला एवढंच कळतं की ती गाठोड्यात होती. तिथे कुणी घातली, कुठल्या फाइलीतून आली, हे त्याला कळायची सोयच नाही. नक्कल हाती येते, पाठवणाऱ्याचं नाव येत नाही. म्हणून लॅपटॉप सांभाळणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलो आहे की सुरुवातीच्या फाइलीत काही लिहिलं तर वरच्या ओळीत आपलं नाव आणि तारीख लिहा.

पुढच्या हंगामात त्याच गावी गेलो. तोच व्हरांडा, तेच पोरगं. मी काही सांगायच्या आधी त्यानं ‘फळी तपास’ चालवलं आणि समोर बसलेल्यांना एकेक ओळ वाचून दाखवली. शेकडा दर, हंगामाच्या फाइलीतून, तिसरी ओळ, ग्रामसभेच्या ठरावाची तारीख. गाव, त्याच फाइलीतून. पट्टा चव्वेचाळीस, जीपीएसवरून काढलेला. मग तो थांबला. तात्पुरत्या फाइलींची जागा, गाठोड्यातून. “हे कोनं टाकलं?” असं स्वतःशीच म्हणत त्यानं सुरुवातीची फाइल उघडली आणि खाली सरकत गेला. ती ओळ सापडली. तिच्यावर आदल्या डिसेंबरातली तारीख होती, आणि सुटीत गावी आलेल्या त्या मुलीचं नाव. त्यानं वहीत दोन्ही उतरवून घेतलं आणि मजुरी काढायला घेतली.